मामांना लांडगा दाखवला त्याची गोष्ट

माझ्या लग्नाच्या बोलाचालीत एकच खोटं बोललं गेलं आणि ते मी बोललो. मध्यस्थानं सांगितलेलं मी धरत नाही, कारण मध्यस्थ खरं बोलायला लागले तर महाराष्ट्रात लग्नंच होणार नाहीत.

बघण्याचा कार्यक्रम चाकणच्या पुढच्या एका गावात होता. मी दापोडीत वाढलेलो. वडील परांड्याकडून येऊन रेल्वेच्या रुळांशेजारी दोन खोल्यांत स्थिरावले होते, आणि मी नुकताच चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला चिकटलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवली, बैलबाजारात दात बघावेत तसं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाव्हणं, जनावरं कधी राखली का?"

खरं उत्तर असं होतं, की मी आयुष्यात एक पोपट राखला होता आणि तोही मला कंटाळून उडून गेला होता. पण तेवढ्यात आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या आणि माझी जीभ माझ्या हातात राहिली नाही.

"राखली म्हणजे? आठ वर्षांचा होतो. परांड्याच्या माळावर मेंढरं घेऊन एकटा. लांडगा आला. असा समोर. काठी उगारली आणि डोळ्याला डोळा लावून उभा राहिलो. शेवटी त्यानंच मान खाली घातली."

"केवढा व्हता?"

"वासराएवढा."

ते "हं" म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले. महिनाभरात लग्न झालं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. परांड्याला मी फक्त मे महिन्याच्या सुट्टीत जायचो. एका रात्री बाहेर काहीतरी भयंकर घुमायला लागलं. चुलतभाऊ म्हणाला, लांडगा. मी गोधडीत असा शिरलो की सकाळी मला बाहेर काढायला दोन माणसं लागली. उजेडात कळलं, शेजारच्या कुत्र्याचं डोकं मडक्यात अडकलं होतं. माझा आणि लांडग्याचा संबंध एवढाच.

पण लांडगा एकदा गोष्टीत सोडला की तो वाढतो. बावीस वर्षांत तो वासराचा खोंड झाला. कंपनीच्या कँटीनमध्ये त्याचे तीन झाले. एका दिवाळीला तर पाच होते, आणि त्यातली एक मादी गाभण आहे हे ओळखून मी तिला सोडून दिल्याचंही लोकांनी माझ्या तोंडून ऐकलं आहे. मामा, म्हणजे सासरे, समोर असले की शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"ला ना पुढून दार होतं, ना मागून.

गेल्या वर्षी मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. चिंचवडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली थेंबांवर टिकवायची, आणि तीही किती दिवस ते सांगता येत नाही. मामा आमच्या कासारवाडीच्या फ्लॅटवर राहायला आले. बायको दिवसातून तीन वेळा त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची. कसं दिसतं विचारलं की म्हणायचे, "नळीतनं बघितल्यावानी. नळी बी बारीक व्हत चाललीय."

एका संध्याकाळी बायकोनं विचारलं, "आबा, काही बघायचं राहिलंय का? काशी? तिरुपती? विमानात बसवू का?"

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "लांडगा," ते म्हणाले.

बायकोला वाटलं औषध डोक्यात गेलं. पण मामांचं बोलणं ठिकाणावर होतं. आमची कंपनी जिथं उभी आहे तो माळ आधी त्यांच्या गावचं गायरान होता. लहानपणी ते तिथं मेंढरं चारायचे. "तुमची ती दाबायची मशिनं हायती न्हवं, तिथं लवण व्हतं, खोलगट. लवणात बीळ. मादी पिल्लं घालायची तिथं. आमी वर, ती खाली. वर्साला दोन-तीन कोकरं त्येंच्या वाट्याची, ते धरूनच चालायचं. मंग सपाटीकरनाची मशिनं आली. जाताना काय सांगून गेली न्हाईत." सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे मान वळवली. "पाव्हण्यांना म्हाईत हाय लांडगा. ते दावतील."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं.

नंतर स्वयंपाकघरात तिनं मला कोपऱ्यात घेतलं. "तुमच्या गमजा कँटीनमध्ये ठेवा. आबांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. नजर आहे तोवर त्यांना तो दिसला पाहिजे."

मग मी शोधाशोध केली. दौंडच्या पलीकडे गवताळ माळ आहे, तिथं गावचीच माणसं गाईड होऊन पहाटे लांडगे दाखवायला नेतात, असं कळलं. रविवारचं बुकिंग केलं. कँटीनमध्ये बातमी फुटायला वेळ लागला नाही.

"लांडगा बघायला पहाटे तीनला उठणार?" माझ्याच लाइनवरचा एक वेल्डर म्हणाला. "भावा, एचआरमध्ये सकाळी दहाला येतोय की. निवांत बघ."

"आणि तुला काय नवीन राव? तुझे तर पाच झालेत बघून," दुसऱ्यानं जोड दिली.

"सासऱ्यांसाठी चाललोय," मी म्हणालो. हे खरं असल्यामुळे कोणाचा विश्वास बसला नाही.

रविवारी पहाटे थंडी अशी होती की नाशिक फाट्याचा लाल सिग्नल शेकोटीसारखा वाटला. मी गाडी थांबवून दोन मिनिटं त्याच्यापुढे हात शेकायच्या बेतात होतो. मामांना मी कंपनीचं हिवाळी जॅकेट घातलं होतं. नारिंगी रंग, छाती-पाठीवर चमकणारे पट्टे. वाटेत ज्या ज्या ट्रकचा उजेड आमच्यावर पडला, त्यातल्या निम्म्या ट्रकांनी पुढे काम चालू असल्याचं समजून वेग कमी केला.

माळाच्या तोंडाशी गाईड जीप घेऊन उभा होता. चाळिशीचा, घरची मेंढरं असलेला, भरघोस मिशा, हिरवी टोपी. त्यानं बॅटरी मामांवर मारली आणि स्वतःच दिपला.

"बाबा, लांडगं बघायचंय का रस्ता करायचाय?"

जॅकेट उलटं करून घातलं. आता मामा आतल्या अस्तरामुळे उशीसारखे दिसायला लागले, पण गाईडचं समाधान झालं. जीपमध्ये आणखी एक जण होता. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा, मांडीवर तोफेएवढा कॅमेरा. त्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी लांब होती की जीप वळली तरी ती थोड्या वेळानं वळायची.

"याआधी पाहिलाय का वुल्फ?" त्यानं मला विचारलं.

मामा शेजारीच होते. मी म्हणालो, "लहानपणी." आवाज जरा बारीक आला.

"वॉव. फेस टू फेस?"

"पाव्हण्यांनी डोळ्याला डोळा लावला व्हता," मामांनी परस्पर सांगून टाकलं. कॅमेरावाल्यानं माझ्याकडे आदरानं बघितलं आणि मी अंधाराकडे.

फटफटलं. गवत वाळलेलं, पिवळं, गुडघ्याएवढं, आणि त्यात ठिकठिकाणी बाभळी. गाईडनं जीप बंद केली आणि कुजबुजत नियम सांगितले. बोलायचं नाही, खोकायचं नाही, खाली उतरायचं नाही. पाऊण तास आम्ही असे बसलो की माझ्या पायाला आलेल्या मुंग्याही कंटाळून निघून गेल्या. मग गाईडनं एकदम हात वर केला.

"हाय. दोन हायत. त्या बाभळीच्या डाव्या अंगाला."

कॅमेरा खडखडायला लागला. मला दिसलं ते असं: पिवळ्या गवतात पिवळ्या रंगाचे दोन ठिपके, आणि ते ठिपके आहेत हेही गाईडनं सांगितलं म्हणून. मी दुर्बीण मामांच्या डोळ्यांना लावली.

"कुठं?"

"बाभळीच्या डावीकडं, मामा."

"कंची बाभळ? सगळा माळ बाभळीच हाय."

मग मी कंपनीतल्यासारखं घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगायला गेलो. "समोर बारा वाजले धरा. लांडगा दोन वाजता आहे."

"दोनपातुर बसायचं का मंग?"

"श्शू," कॅमेरावाला म्हणाला.

गाईडनं मामांचं डोकं दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवलं, जसा अँटेना फिरवतात. "बाबा, आता? आता आलं का?"

"गवात आलं," मामा म्हणाले. "निस्तं गवात."

तेवढ्यात ठिपके विझले. गाईड आणखी दोन ठिकाणी जीप घेऊन गेला. एका ठिकाणी ओल्या मातीत पंजे दिसले, दुसऱ्या ठिकाणी विष्ठा दिसली. त्या विष्ठेत केस होते, आणि कॅमेरावाल्यानं तिचेही चाळीस फोटो काढले. गाईडनं तेवढ्यापुरतं खाली उतरू दिलं, तेव्हा मामांनी ते सगळं वाकून, बोटांनी चाचपून बघितलं. पंजा त्यांनी बरोबर ओळखला. पण मागितला होता लांडगा, आणि लांडगा काही मिळाला नाही. ऊन वर आलं. गाईडनं टोपी काढून डोकं खाजवलं. जे सांगायचं नव्हतं ते त्या खाजवण्यात आलं.

"आता उतरा, पाय मोकळं करा," तो म्हणाला. "मंग निघू."

मामांना शुगर आहे, त्यामुळे त्यांना पाय मोकळे करण्याइतकंच दुसरंही काम होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना पन्नासेक पावलांवरच्या बांधाआड नेलं. ते एका बाजूला तोंड करून उभे राहिले, मी दुसऱ्या. माझं लवकर आटपलं. मी वळलो, तर समोर पंधरा पावलांवर कुत्रं.

मळकट, हडकुळं, पाय शरीराला मोठे पडलेले. उभं राहून माझ्याकडे बघत होतं.

चाकणमध्ये ज्यानं सेकंड शिफ्ट केली आहे, त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. गेटच्या बाहेर, टपऱ्यांच्या मागं, गोडाऊनच्या कडेला कुत्र्यांच्या टोळ्या असतात. बसचा स्टॉप लांब. त्या वाटेवर माणूस दोनच गोष्टी शिकतो: थांबायचं नाही, आणि खाली वाकायचं. वाकलं की कुत्र्याला दगड दिसतो, मग हातात दगड असो वा नसो. बावीस वर्षांत माझी कंबर त्या कामात अशी तयार झाली आहे, की कुत्रं दिसलं की ती मला न विचारता वाकते. ती वाकली. त्या दिवशी दगडही मिळाला.

"हाड्! हाड् तिच्यायला!"

दगड त्याच्यापासून पाच हात लांब पडला. ते भुंकलं नाही, केकाटलं नाही. क्वालिटीवाला रिजेक्ट झालेला पार्ट बघतो, तसं त्यानं मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. मग वळलं आणि निघालं. पळत नाही, चालतही नाही, दुडक्या चालीनं, शेपूट खाली, जणू त्याचं दुसरीकडे काही काम होतं. मुरमाड मोकळ्या तुकड्यावरून ते आडवं गेलं, उंचवट्यावर चढलं, आभाळावर क्षणभर काळं उमटलं आणि पलीकडे उतरलं.

जीपकडून किंकाळी आली. गाईड टोपी हातात घेऊन धावत होता आणि त्याच्या मागून कॅमेरावाला.

"सर! तुम्ही काय केलंत सर! दहा मिनिटं फॉलो करत होतो मी त्याला! तो इकडेच येत होता! काय लाइट होता!"

"दादा," गाईडनं दम घेतला. त्याला चिडायचं होतं, पण मिशीखालचं तोंड ऐकत नव्हतं. "दादा, लांडग्याला दगड? हितं लोक येत्यात, फोटू काढत्यात, सेल्फीला मागं पळत्यात. आवरून आवरून जीव जातो माझा. पर लांडग्याला हाड् म्हनलेला तुमी पयलाच."

"कुत्रं वाटलं," मी म्हणालो.

दोनच शब्द. बाहेर पडल्यावर मला कळलं की मामा माझ्या मागंच पायजम्याची नाडी बांधत उभे आहेत. वासराएवढा, खोंडाएवढा, तीन, पाच, गाभण मादी, सगळा कळप त्या दोन शब्दांखाली एका झटक्यात मेला.

कॅमेरावाल्यानं रागानं कॅमेऱ्याची मागची काच माझ्यापुढे धरली. "हे बघा. माझ्या फ्रेममध्ये तुम्ही."

मी कॅमेरा जवळ ओढून बघितलं. पिवळा माळ, तिरकं ऊन. एका बाजूला लांडगा, मान उंच. दुसऱ्या बाजूला मी, हात उगारलेला, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून. बावीस वर्षं मी जे सांगत आलो ते तंतोतंत तिथं होतं, फक्त मेंढरं नव्हती.

"हा मला पाठवाल का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघत बघत बोट दाबलं. डिलीट.

मला त्याचंही काही वाटलं नाही, खरंच. वाईट वेगळंच वाटत होतं. ज्या जनावरासाठी म्हातारा माणूस पाऊण रात्र जागून आला, ते आपल्या पायांनी त्याच्या पुढ्यात चालत आलं होतं. आणखी दोन मिनिटं मी झाडासारखा उभा राहिलो असतो तर मी त्यांचं डोकं धरून, सावकाश नळी जुळवून, दाखवलं असतं. ते मी दगड मारून हाकललं. बायकोला काय सांगायचं याची एकही गोष्ट माझ्या डोक्यात येईना, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

मामा उंचवट्याकडे बघत होते. ते दोघं जीपकडे परत गेले तरी मामा हलले नाहीत.

"मामा, चुकलं माझं."

"गप."

मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"दिसला," मामा म्हणाले.

"काय?"

"दिसला म्हनतोय. उभ्या लांडग्याचं आन् गवताचं मला आता येकच दिसतंय, हजारदा डोकं फिरवलं तरी. पर हललेलं घावतं. तुमी वराडला तसा म्या वळलो आन् नळीतनं आरपार ग्येला. हितनं, ते पार आभाळापातुर. तीच चाल." त्यांनी तळहात आडवा करून हवेत ती चाल करून दाखवली. डोळ्यांतून पाणी येत होतं. सकाळचे थेंब घालायचे राहिले होते, हे कारण आम्ही दोघांनी न बोलता मान्य केलं.

जीपकडे चालताना मी म्हणालो, "मामा, ते परांड्याचं..."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पोहं खाताना. लांडगा बघितलेला मानूस लांडगा येवढा मोठा सांगत न्हाई. त्यो बारीकच असतो."

"मग मुलगी कशी दिली?"

"ती आत दाराआड हसत व्हती. त्वांड दाबून. म्हनलं, थापाड्या हाय, पर घरात आवाज ऱ्हाईल." पुढे चार पावलं गेल्यावर म्हणाले, "आवाज जरा जास्तीच ऱ्हायला."

परतीच्या वाटेवर दौंड मागं पडलं तसा बायकोचा फोन आला. मी गाडी चालवत होतो, मामांनी उचलला. "व्हय. दिसला. व्हय गं, येकदम जवळ. नवऱ्यानं दावला तुझ्या." पलीकडून तिनं "कोणी?" असं तीनदा विचारलेलं मलाही ऐकू आलं. मी खोटं बोलल्याचं कबूल केलं असतं तरी तिला एवढा धक्का बसला नसता.

फोन ठेवून मामांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "पाव्हणं. मला पाठ दिसली, चाल दिसली. तोंड न्हाई दिसलं. तुमी समोरनं बघितलंय. कसं व्हतं, सांगा. खरं सांगा."

आता माझी पंचाईत बघा. माझ्याकडे आगीसारखे डोळे तयार होते. सुरे लावल्यासारखे दात होते, जबड्यातून गळणारी लाळ होती, बावीस वर्षांचा मुरलेला माल होता. त्यातलं काही चालणार नव्हतं. आणि खरं म्हणून जे होतं, ते सगळं मिळून तीन सेकंदांचं. मी रस्त्यावर नजर ठेवून एकेक तुकडा वेचत गेलो.

"तोंड निमुळतं होतं. गाल पांढरट. डोळे पिवळे, पण भडक नाही, पातळ चहासारखे. एक कान फाटलेला होता. डावा. छातीला कुसळं चिकटली होती."

"दात?"

"तोंड मिटलेलं होतं."

"मिटलेलंच असणार. आन्?"

"आणि काही नाही, मामा. एवढंच."

"येवढंच?"

"येवढंच."

त्यांनी सीटला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. निमुळतं, पांढरट, कान, कुसळं, असं काहीतरी ते जागच्या जागी लावून घेत असावेत. मला वाटलं झोपले. हडपसरला त्यांनी डोळे न उघडता पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. नाशिक फाट्याच्या पुलावर तिसऱ्यांदा विचारलं. तोवर मला भूक लागली होती, समोर ट्रॅफिक तुंबलं होतं, आणि मी घाईत सांगून टाकलं, "निमुळतं तोंड, गाल पांढरट, पिवळे डोळे, उजवा कान फाटका..."

मामांनी डोळे उघडले.

"मगाशी डावा व्हता."

मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला. मी स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून मनानं त्या बांधापाशी परत गेलो, वळलो, आणि नीट बघितलं.

"डावाच," मी म्हणालो.